बावीस नंबरची कुंडी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कियोएने नित्सूच्या नगरभवनाच्या दारात आपल्या नावाची चिठ्ठी घेतली. तिच्यापुढे रांगेत एकतीस जण होते आणि दार नऊला उघडणार होतं. फेब्रुवारीचा शेवटचा रविवार होता. पायऱ्यांवरचा बर्फ फावड्याने बाजूला सारला होता आणि रांगेतला प्रत्येक जण या पायावरून त्या पायावर भार टाकत होता.

"एकच चिठ्ठी देतात?" मागे उभा असलेला तोकुजी म्हणाला.

"एकच. मधल्या टेबलावर तीस कुंड्या असतात. त्यातली एक निवडायची आणि तिच्यापुढे चिठ्ठी ठेवायची. एकीपुढे जास्त चिठ्ठ्या आल्या तर दगड-कागद-कात्री. बाकीची टेबलं सगळ्यांना मोकळी."

"लग्न ठरवताना मला कुणी इतकं निरखून बघू दिलं नव्हतं."

"ते तुमच्या बायकोला सांगायला हवं होतं, भावजी."

तोकुजी त्सुगावात कियोएच्या घरापासून दोन घरं सोडून राहायचा. तातामी म्हणजे जमिनीवरच्या जाड चटया शिवायचा धंदा त्याने मुलावर सोपवला होता आणि युकिवारीची रोपं पाळायला लागून त्याला तीन वर्षं झाली होती. युकिवारी म्हणजे बर्फ फोडून वर येणारी. नखाएवढं फूल, आणि त्यासाठी माणसं नागानोहून, सेंदाईहून पहाटेची गाडी पकडून येत.

नऊला दार उघडलं. आत कुणी धावलं नाही. मधल्या टेबलापाशी माणसं हात पाठीमागे बांधून, कमरेत वाकून, एकेका कुंडीवर थांबत पुढे सरकत होती. पैसे देईपर्यंत कुंडीला, पानाला, मातीला बोट लावायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि कुणी तो मोडतही नव्हतं.

कियोए एका पिवळ्या जातीसाठी आली होती. ती नवव्या नंबरवर होती आणि चांगलीही होती. कियोएने चिठ्ठी मुठीत धरून उरलेलं टेबल पाहायला घेतलं आणि बाविसाव्या कुंडीपाशी ती थांबली.

फिकट जांभळ्या पाकळ्यांचे तीन थर. प्रत्येक पाकळीच्या टोकाला तांदळाएवढा हिरवा ठिपका. मध्ये बटणासारखा घट्ट पांढरा गेंद. कुंडीपुढच्या कागदावर फक्त आकडा होता. नाव नव्हतं.

"वहिनी, पुढे चला, मागे दाटलंय," तोकुजी म्हणाला. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे आणि मग कुंडीकडे पाहिलं. "ही तर तुमची न्हाणीमागची!"

"हळू."

ते रोप तिने स्वतः बियांपासून वाढवलं होतं. बियांचा ट्रे न्हाणीघराच्या मागच्या भिंतीशी ठेवलेला असायचा, म्हणून घरात त्याला न्हाणीमागची म्हणत. पाचव्या वर्षी पहिलं फूल आलं. त्याचा एक फुटवा तिने युकिवारी पाळणाऱ्यांच्या मंडळातल्या, आगानोकडच्या म्हाताऱ्या ओरिकासांना दिला होता. पुढे ओरिकासा वारले, मुलाने सगळ्या कुंड्या घाऊक विकल्या, आणि कुंड्यांतल्या पाट्या कुठे गेल्या हे त्यालाही सांगता आलं नव्हतं.

घरचं मूळ रोप दीड वर्षापूर्वी गेलं. मुलीच्या बाळंतपणासाठी कियोए एकोणीस दिवस सेंदाईला होती. ऑगस्टमधल्या उन्हात पानं माना टाकतात हे बघून तिच्या नवऱ्याने, मासुओने, आठवडाभर भर दुपारी एक वाजता सगळ्यांना पाणी घातलं. कुंडीत पाणी तापलं आणि मुळं शिजली. परत आल्यावर कियोएने रोप उपटलं, मुळं काळी पडलेली पाहिली आणि कुंडी धुऊन उपडी घातली. ती एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून मासुओ रोपांच्या खोपीत गेला नव्हता. बर्फाचं फावडं खोपीत असायचं, पण तेही तो तिला हाक मारून मागायचा.

"ही कुठून आली?" कियोएने टेबलामागच्या विक्रेत्याला विचारलं.

"आगानोकडचा एक जुना संग्रह होता. पाट्या नव्हत्या, म्हणून बिननावाची ठेवलीय. ओळखीची आहे का?"

"बघत होते."

तिने चिठ्ठी बावीस नंबरपुढे ठेवली. तिथे आधीच दोन चिठ्ठ्या होत्या.

"माझीही इथेच टाकतो," तोकुजी तिच्या कानाशी म्हणाला. "दोघं खेळू. मी जिंकलो तर कुंडी तुम्हाला."

"अजिबात नाही."

"कोण बघतंय?"

"मी बघतेय. तुमची नवव्या नंबरवर ठेवा. चांगली आहे ती."

साडेनऊला ज्या कुंड्यांपुढे एकाहून जास्त चिठ्ठ्या होत्या त्यांचे आकडे पुकारले गेले. बावीससाठी कियोए, नागानोचे एक पांढऱ्या दाढीचे दंतवैद्य आणि उंच मानेचा स्वेटर घातलेली एक तरुण बाई असे तिघं समोरासमोर उभे राहिले. दगड, कागद, कात्री. पहिल्या डावात तिघांनीही कात्री काढली आणि बघणारे हसले. दुसऱ्या डावात बाई बाद झाली. तिने वाकून दोघांना नमस्कार केला आणि ती बाजूला झाली.

"म्हातारी माणसं दगड काढतात," तोकुजी मागून पुटपुटला.

"ऐकू येतंय मला," दंतवैद्य म्हणाले.

"जान, केन, पोन!" बघणाऱ्यांनी ठेका धरला.

दंतवैद्यांनी दगडच काढला. कियोएचा हात उघडा होता.

"माझ्या बायकोला हे सांगू नका," दंतवैद्य तोकुजीला म्हणाले. "ती चाळीस वर्षं मला असंच हरवतेय."

विक्रेत्याने फुलांवर पातळ कागदाची टोपी चढवली, कुंडीभोवती वर्तमानपत्राचे तीन वेढे दिले आणि ती खोक्यात उभी बसवली. सगळं मिळून दोन मिनिटांत झालं. कियोए पैसे मोजून देत होती तेवढ्यात तोकुजी फोन घेऊन दाराबाहेर गेला होता.

"मासुओला कळवलं," परत आल्यावर तो म्हणाला. "म्हटलं, सुटलास बाबा! न्हाणीमागची घरी येतेय."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"का? गप्प बसायचं होतं? तो म्हणाला, गाडी घेऊन स्टेशनवर येतो."

परतीची गाडी दोन डब्यांची होती. सीटखालून हीटरची ऊब येत होती, त्यामुळे खोकी खाली ठेवता येईनात. दोघांनी ती मांडीवर घेतली. तोकुजीने पिवळीखेरीज आणखी तीन कुंड्या घेतल्या होत्या. गोसेन स्टेशन गेल्यावर त्याने त्यांच्यावर हात ठेवून डोळे मिटले. गाडी आगानो नदीच्या काठाला लागली. बाहेर ऊन होतं आणि बर्फावरून त्याचा उजेड डब्यात येत होता.

कियोएने खोकं उघडलं, वर्तमानपत्राचा वरचा वेढा सैल केला आणि कागदाची टोपी काढली. आता कुंडी तिची होती. तिने एका बोटाने फूल हलकेच वर उचललं आणि खालचा देठ पाहिला.

देठ हिरवा होता. त्यावर विरळ, पांढरी लव होती.

न्हाणीमागचीचा देठ लालसर तपकिरी होता, मांजराच्या शेपटीसारखा दाट लवेचा. तिने दुसरं फूल उचललं, मग तिसरं. बोगदा आला. बोगदा संपल्यावर तिने पुन्हा पाहिलं. मग टोपी घातली, वेढा पूर्वीसारखा आवळला आणि खोक्यावर दोन्ही हात ठेवून ती त्सुगावा येईपर्यंत नदी पाहत बसली.

स्टेशनबाहेर मासुओ गाडीत बसला होता. डोक्याला टोपी, गळ्यात मफलर, हातात मोजे. खिडक्या दोन बोटं उघड्या होत्या.

"अरे, हीटर बिघडला का?" तोकुजीने मागे बसता बसता विचारलं.

"बंद ठेवलाय. निघाल्यापासून," मासुओ म्हणाला. "रोपांना एकदम ऊब सोसत नाही ना."

तो आरशात न पाहता, मान वळवून कियोएकडे पाहत होता.

"तीच?"

"तीच," कियोए म्हणाली.

मासुओने मान डोलावली आणि गाडी सुरू केली. तोकुजीने आपलं घर येईपर्यंत दंतवैद्यांची गोष्ट दोनदा सांगितली. दुसऱ्या वेळी दंतवैद्य जरा जास्त म्हातारे झाले होते.

पुढच्या दोन दिवसांत बर्फ पडला. बुधवारी सकाळी कियोए उठली तेव्हा अंगण साफ झालेलं होतं आणि खोपीचं दार उघडं होतं. मासुओ आत पालथ्या बादलीवर बसला होता. बावीस नंबरची कुंडी त्याच्यासमोरच्या फळीवर होती. त्याचे हात पाठीमागे होते.

"हात लावला तरी चालेल," ती म्हणाली. "आपली आहे."

"हिचं नाव काय ठेवायचं?"

"नाव आहे की तिला."

"ते तिचं," मासुओ म्हणाला. "तिचा देठ लाल होता."

कियोए दाराच्या चौकटीला टेकली. छपरावरून बर्फाचा एक थर घसरून मागच्या बाजूला पडला.

"तुम्ही देठ कधी बघितलात तिचा?"

"मी रोज बघायचो. तू सेंदाईला असताना."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"कुंडी कुठे बघितली होती मी? पण तू 'तीच' जरा जास्तच पटकन म्हणालीस." तो उठला आणि गुडघे चोळत फुलाकडे पाहत राहिला. "चांगली आहे ही. हिरवे ठिपके तिच्यापेक्षा ठळक आहेत."

"हो."

"चहा टाकतेस? आलोच मी."

तो अर्ध्या तासाने आला.

नावाचा विषय त्या आठवड्यात जेवताना दोनदा निघाला. तोकुजीने स्वतःचं नाव सुचवलं आणि ते दोन मतांनी फेटाळलं गेलं. बारा मार्चला संध्याकाळी चौथी कळी उघडली. कुंडीत पाटी लागलेली नव्हती. मासुओच्या मनात दोन नावं होती, असं तो म्हणत होता, पण ती कोणती हे त्याने कियोएला अजून सांगितलं नव्हतं.