यादीतलं एक नाव

चौतीस वर्षं कॅशियरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला पावतीशिवाय कुणाच्या हातावर पैसे ठेवता येत नाहीत. काही केल्या येत नाहीत. अप्पांची सगळी पंचाईत झाली ती यातूनच. दुसरा कुणी असता तर दर महिन्याला पाकीट खिशात घालून पक्षाच्या कचेरीत गेला असता आणि या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. अप्पांनी मात्र निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात बँकेत जाऊन रीतसर अर्ज भरला, की दर एक तारखेला माझ्या खात्यातून अमुक रक्कम अमुक पक्षाच्या खात्यात वळती करावी. खाली तारीख आणि सही. असा अर्ज एकदा दिला की खातेदार विसरला तरी बँक विसरत नाही.

पक्ष म्हणजे तरी कोणता, तर शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसणारा आणि दर निवडणुकीत सपाटून आपटणारा. पण अप्पांचा जीव तरुणपणापासून त्याच्यावर. घरात त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. बँकेतल्या माणसाची मतं बँकेत दिसू नयेत आणि घरातही ऐकू येऊ नयेत, असा त्यांचा खाक्या. अकरा वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग टाइल्सचं दुकान चालवणारा त्यांचा मुलगा समोरच्या पक्षात गेला आणि यंदा त्याला नगरपालिकेचं तिकीट मिळालं. अप्पांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला तो मनापासून. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन तो अर्ज रद्द करायचा, असंही त्यांनी ठरवलं. गेले मात्र नाहीत. पाय निघेना, त्याला ते तरी काय करणार?

तर एका रविवारी सकाळी मुलगा घरी आला. सोबत त्याच्या प्रचाराचं गणित सांभाळणारा माणूस होता. याला सगळे ‘आकडे’ म्हणायचे, कारण कुठल्या गल्लीत किती मतं हे तो झोपेतही सांगेल अशी त्याची ख्याती. अप्पा मोठ्या मुलीबरोबर राहायचे. ती बँकेत होती, अप्पांचं खातं होतं त्याच शाखेत. त्या वेळी ती जेवणाच्या टेबलाशी बसून अप्पांच्या शर्टाला बटण लावत होती.

“ताई, तुझ्याकडे एक काम होतं,” मुलगा खुर्ची ओढत म्हणाला. “छोटंसंच आहे.”

“तुझी छोटी कामं मला माहीत आहेत. बोल.”

“आपल्या वॉर्डातून त्या शिंप्याच्या दुकानावरच्या म्हाताऱ्यांच्या पक्षाला दर महिन्याला कोण कोण पैसे देतं, तेवढं हवंय. रकमा नकोत. नुसती नावं दे.”

“शंभराच्या आसपास असतील,” आकडे म्हणाला. “सगळे अर्ज तुमच्याच शाखेत आहेत. तुमच्याच टेबलावर असतात ना ते?”

पेपर वाचणाऱ्या अप्पांनी चटकन मान वर केली. “तुझ्या टेबलावर? तू तर कर्जाच्या विभागात होतीस.”

“तीन वर्षं झाली बदलून, अप्पा,” ती दोरा ओवत म्हणाली.

त्या टेबलाचं काम अप्पांना तोंडपाठ होतं. एक तारखेला सकाळी सगळ्या अर्जांचा तक्ता निघतो. त्या टेबलावरचा माणूस एकेक नाव मूळ अर्जाशी ताडून बघतो आणि अर्जाला जोडलेल्या पानावर त्या महिन्याच्या ओळीसमोर आपली छोटी सही करतो. त्याशिवाय एक पैसा हलत नाही. म्हणजे तीन वर्षं, छत्तीस वेळा, बापाचं नाव तिच्या डोळ्यांखालून गेलं होतं. आणि त्याच डोळ्यांनी ती रोज संध्याकाळी घरी येऊन विचारायची, “अप्पा, गोळी घेतलीत का?” अप्पांनी पेपर तोंडापुढे धरला. वाचत मात्र काहीच नव्हते.

“नावं घेऊन करणार काय तुम्ही?” तिने विचारलं.

“काय करणार? घरी जाऊ, दोन शब्द बोलू,” मुलगा म्हणाला.

“त्यातले बरेच दुकानदार आहेत,” आकडेने शांतपणे पुस्ती जोडली. “त्यांना परवाने लागतात, दरवर्षी नवे करून घ्यावे लागतात. शहाण्या माणसाला जास्त सांगावं लागत नाही.”

ताईने दोरा दातांनी तोडला. “नाही,” ती म्हणाली.

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. दुसरा अर्थ असतो का त्याचा?”

“अगं, मी काय तुला चोरी करायला सांगतोय?”

“हो.”

मुलाचा चेहरा उतरला. लहानपणी याच बहिणीने त्याला सायकल शिकवली होती, त्याच्या फुटलेल्या गुडघ्यांवर फुंकर घातली होती. तिच्याकडून नकार ऐकायची त्याला सवय नव्हती. आकडे मात्र कोडगा. तो म्हणाला, “तुमचे मॅनेजर आपल्याच विचाराचे आहेत. पुढच्या महिन्यात बढत्या आहेत म्हणे. त्यात तुमचं नाव आहे असं ऐकलं. राहिलं तर बरं.”

“मॅनेजरांना म्हणावं, यादी लेखी मागा. मीही लेखी नाही म्हणेन. मग दोन्ही कागद वरच्या कचेरीत जाऊ देत.” तिने शर्टाची घडी घातली. “आणि बढतीचं म्हणाल, तर पाच वर्षं थांबलेच आहे. आणखी थांबले तर अंगाला भोकं पडत नाहीत.”

खोटं होतं ते. त्या बढतीसाठी तिने किती रविवार परीक्षेच्या पुस्तकांत घालवले, ते अप्पांनी बघितलं होतं. आपल्या पोरीचा आवाज जरासुद्धा हलला नाही, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की क्षणभर स्वतःची भीतीही ते विसरले.

मग मुलगा त्यांच्याकडे वळला. “अप्पा, तुम्ही सांगा हिला. तुमचं ऐकेल ती. उभं आयुष्य बँकेत काढलंत तुम्ही, यात काय एवढं आभाळ कोसळतं?”

आता आली का पंचाईत. “देऊ नकोस” असं सांगणं सोपं होतं. तेच बरोबरही होतं. पण ते आपण नेकीने सांगतोय की स्वतःची कातडी वाचवायला, हे अप्पांचं अप्पांनाच कळेना. नाव झाकून दिलेल्या सल्ल्याला किंमत ती काय? पोरगी बढतीवर पाणी सोडून बसली होती आणि बाप पेपरच्या आड लपला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली.

त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

“नावं हवीत ना तुला? एक मी देतो. लिहून घे,” ते आकडेला म्हणाले. आकडेने खरंच खिशातून पेन काढलं. अप्पांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, काउंटरवर सांगतात तसं. “अकरा वर्षं देतोय. दर एक तारखेला.”

पेन तसंच राहिलं. मुलगा नुसता बघत राहिला. “तुम्ही? त्यांना? आणि मी इथे उन्हातान्हात दारोदार...”

“तुझं कौतुक आहे मला. मतही कदाचित तुलाच देईन, कदाचित नाही देणार. ते माझ्या मनात. पण माझं नाव माझं आहे, ते मी सांगितलं. बाकीच्यांची नावं माझी नाहीत, तुझी नाहीत, आणि हिचीही नाहीत. ती मागायला पुन्हा या घरात यायचं नाही. आणि परवान्याची धमकी द्यायला निघालास, तर पहिल्यांदा या दारात ये. टाइल्सवाल्याचा बाप काय म्हणतो, ते सगळ्या गल्लीला ऐकू दे.”

मग मुलगा बहिणीला म्हणाला, “तुला माहीत होतं.”

“बँकेत काय बघते ते मी घरी बोलत नाही. आजवर बोलले नाही, आजही बोलणार नाही.”

“तीन वर्षांत एकदाही, मला सख्ख्या भावाला...”

“तुझंही खातं तिथेच आहे,” ती म्हणाली. “तुझ्याबद्दल कुणाला काही सांगितलं का मी?”

मुलाने खुर्ची मागे ढकलली. तो उठला आणि दाराशी जाऊन थांबला. आकडे काही बोलायला लागला तसं त्याने “चल तू” म्हणून त्याला पुढे घातलं आणि अप्पांकडे न बघता गेला. रागावला होता, यात शंकाच नाही. पण यादीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

संध्याकाळपर्यंत अप्पांनी कळ काढली. मग स्वयंपाकघरात जाऊन विचारलंच, “बाळ, खरं सांग. तू बघत होतीस ना?”

“काय?”

“माझं नाव. दर महिन्याला.”

“खातेदार म्हणून विचारत असाल तर उद्या काउंटरवर या. ओळखपत्र घेऊन या,” ती भांडी पुसत म्हणाली. “इथे मी भांडी पुसतेय.”

अप्पा मनात म्हणाले, कार्टी आहे खरी. आणि सोमवारी दहाला खरंच गेले. इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत उभे राहिले. पुढे सहा माणसं होती. मध्ये घुसायचं त्यांच्या मनातही आलं नाही. नंबर आला तेव्हा ताईने मान वर केली आणि इतरांना म्हणत होती तसंच म्हणाली, “नमस्कार. काय काम होतं?”

“माझ्या अर्जाचा उतारा हवा होता. सुरुवातीपासूनचा.”

तिने ओळखपत्र घेतलं. फोटो बघितला, मग अप्पांचा चेहरा बघितला, मग पुन्हा फोटो. मागच्या बाजूची तारीखही वाचली. एका कागदावर त्यांची सही घेतली, ती जुन्या सहीशी ताडून बघितली, आणि मग अर्जाला जोडलेल्या पानांच्या नकलांचे चार कागद काचेखालून सरकवले. पहिल्या अडीच कागदांवर एका जुन्या सहकाऱ्याची सही होती. त्यापुढे छत्तीस ओळींसमोर तिची. एकही ओळ सुटली नव्हती, एकही सही घाईची नव्हती.

अप्पा बघत राहिले. अकरा वर्षं आपण घरापासून लपवतोय असं त्यांना वाटत होतं, आणि त्यातली तीन वर्षं ही पोर ते गुपित त्यांच्यापेक्षा चांगलं सांभाळत होती. चौतीस वर्षांत त्यांनी स्वतः इतकं नीट काम केलं होतं का, हे त्यांना सांगता आलं नसतं.

“आणखी काही?” ताईने विचारलं.

“नाही. अर्ज चालूच ठेवायचा आहे.”

“ठीक आहे.”

मागचा माणूस कंटाळला होता. “किती वेळ लावतात हो,” तो अप्पांना म्हणाला. “एवढ्याशा कामाला इतकं काय तपासायचं?”

“तपासू द्या की,” अप्पा कागदांची घडी घालत म्हणाले, चांगलं चार लोकांना ऐकू जाईल असं. “माझी मुलगी आहे ती.”