माझ्यावर बाटली टांगलीच नाही

मित्रांनो, मी सलाईनची बाटली टांगायचा एक जुना स्टँड आहे. मरोळच्या एका कारखान्यात माझा पाइप वाकवला, खाली चाकं बसवली. तेव्हापासून भांडुपच्या एका दुकानातून मी भाड्याने घरोघरी जातो. आजारी माणूस उठून बसलं की लोक मला पुसूनबिसून परत पाठवायचे. पुढे नवे स्टँड आले आणि मी कोपऱ्यात गेलो. एक चाक गंजलं, स्वभावही संशयी झाला.

मागच्या महिन्यात प्रियंकाने मला माहेरी आणलं. तिचे वडील दत्ताराम शेवटच्या आजारात होते. त्यांचं सगळं करायची ती तिची वहिनी, क्षमा. प्रियंकाने सकाळीच पाण्याच्या बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवली होती. संध्याकाळी पाणी त्याच रेघेवर!

"वहिनी, बाबांना दिवसभर पाणीच दिलं नाहीस?"

"गिळवत नाही गं त्यांना. ठसका लागतो."

"की चादर बदलायला नको म्हणून?"

क्षमा वाटी घेऊन दत्तारामांच्या उशाशी बसली. मलाही तिचा संशय आला. वाटीतल्या पाण्यात कापूस भिजवून ती ओठांवरून फिरवायची, बस. एवढ्याने कुणाची तहान भागते? मला तर तिने भिंतीला सारून ठेवलं होतं. मी तिच्या हातांवर पाळतच ठेवली.

दुसऱ्या दिवशी तेजल नर्स आली. प्रियंकाने सलाईनची बाटली पुढे केली. तेजलने दत्तारामांचा सुजलेला पाय दाबला. बोटाचा खड्डा तसाच राहिला.

"ताई, शरीराला आता पाणी झेपत नाहीये. सलाईन लावलं तर छातीत साचेल, श्वासाला त्रास होईल. डॉक्टरही नको म्हणालेत."

"मग बाबा तहानेने जाणार?"

ही पण वहिनीच्याच बाजूची, असं मला वाटलं. तेवढ्यात तेजलने दत्तारामांचं तोंड हलकेच उघडलं.

"त्रास कोरड्या तोंडाचा होतो. जीभ बघा. ओली, स्वच्छ, एक फोड नाही. दर अर्ध्या तासाला कुणीतरी बसून तोंड ओलं करतं, तेव्हा अशी राहते."

प्रियंका वाकून बघत राहिली. मग तिने क्षमाच्या हातातली वाटी घेतली. "वहिनी, तू जरा आडवी हो. मी बसते."

तिने ओला कापूस ओठांना लावला. दत्तारामांनी तो हळूच चोखला. "बरां वाटतां," ते पुटपुटले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते शांतपणे गेले. मी रिकामाच दुकानात परतलो. मला माझीच लाज वाटत होती.

मित्रांनो, शेवटच्या दुखण्यातलं माणूस घोट नाकारत असेल तर जबरदस्ती करू नका. डॉक्टरांना विचारा, त्याचं तोंड ओलं ठेवा. आणि त्याच्या उशाशी दिवसभर बसणाऱ्या बाईकडे संशयाने बघायच्या आधी तिला एकदा विचारा, "तू जेवलीस का?"