उजवी पाकळी

शेवंतीच्या उजव्या पाकळीची खालची कड दगडापासून सुटली होती. फार नाही, नखाच्या जाडीइतकी. त्या फटीतून मागचा ओला काळा दगड दिसत होता. डावी पाकळी मात्र अजून अंगभर चिकटलेली, जणू दगडालाच उगवलेली. सोफ्याच्या टोकाला बसून पद्मजा हे मघापासून पाहत होती. उजवीकडे रेडिएटर होता. पाणी तिकडूनच आधी सुकणार. यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ती बघत होती.

कौल सासूबाईंनी लावला होता. शारदाबाई तीन महिन्यांसाठी आयर्लंडमध्ये, नावनला आल्या त्या सामानात गावच्या देवाचा हा मुठीएवढा दगड घेऊन, आणि तो टीव्हीशेजारच्या कपाटावर – लेकीच्या, ईशाच्या इथल्या भाषेत प्रेसवर – बसवला गेला. दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. प्रश्न एवढाच होता की पद्मजाने दूरच्या कॉर्क शहरातली नोकरी घ्यावी का. औषधांच्या कारखान्यातली जंतुपरीक्षणाची प्रयोगशाळा, आठवड्याचे चार दिवस तिकडेच खोली घेऊन राहायचं, ईशा इथे नवऱ्याजवळ, शिरीषजवळ. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. खरं तर गेल्याच सोमवारी द्यायचं होतं. तिने मुदत मागून घेतली होती.

टीव्हीवर शनिवारचा चाकाचा खेळ चालू होता. माणसाच्या दुप्पट उंचीचं, आकड्यांच्या घरांचं चाक, त्यात एक पांढरा चेंडू, एकोणीसच्या घरावर गाडीचं बक्षीस, आणि समोर किलकेनीहून आलेली हिरव्या झग्यातली एक बाई, डोळे मिटून, गळ्यातलं पदक ओठांना लावून उभी.

"एकोणीसमध्ये जा रे बाबा," शारदाबाई चेंडूला म्हणाल्या.

"आई, तो कुणाचं ऐकत नाही," शिरीष म्हणाला. तोही पुढे सरकून बसला होता. दिवसभर कंपनीत लोकांकडे आकडे मागणारा, पुरावा मागणारा शिरीष.

"मग ही डोळे मिटून काय करतेय?"

"मनापासून इच्छा करतेय."

"मग जाईल."

"शी'ज ग्रँड, आजी," ईशा गालिच्यावरून म्हणाली. "शी'ल गेट द कार."

पद्मजाला किळस आली. रागही नव्हता तो. प्रयोगशाळेत विसरलेल्या काचेच्या बशीचं झाकण उघडावं आणि आतल्या बुरशीचा तो गोडसर, उबट वास एकदम नाकात जावा, तसं काहीतरी. त्या बाईने काय केलं होतं? लॉटरीचं तिकीट खरवडलं होतं. आणि निवेदक तिला शाबासकी देत होता… वेल डन, ब्रिलियंट… कशाबद्दल? मागे बसलेले नातेवाईक तोंडं उघडी टाकून ओरडत होते, आणि त्या उघड्या तोंडांचा कॅमेऱ्याला जास्तच सोस. आणि मी, एमएस्सी झालेली मी, आठ वर्षं या सोफ्यावर दर शनिवारी घरच्यांसाठी भजी तळून आणते.

पण शारदाबाईंचा चेहरा… प्रश्नमंजुषा लागली की त्या उठून आत जायच्या, 'मला काय कळतंय त्यातलं' म्हणत. इथे त्या पाय पोटाशी घेऊन ऐसपैस बसल्या होत्या. इंग्रजी येत नाही म्हणून काही अडत नव्हतं. चाकापुढे सगळे सारखेच अडाणी. निवेदक, शिरीष, हिरव्या झग्यातली बाई, सगळे. कुणाला काहीच माहीत असायची गरज नाही, हीच त्यातली गोडी. हे लक्षात आलं तसा क्षणभर तिचा तिरस्कार सैल पडला, आणि पडला म्हणून तिला पुन्हा किळस आली.

चाक मंदावलं. चेंडू एकोणीसमध्ये शिरला, कडेवर डुगडुगला आणि शेजारच्या रिकाम्या घरात जाऊन पडला.

"अरेरे," शिरीष म्हणाला. "गेली बिचारीची गाडी."

"नशिबात नव्हती," शारदाबाई म्हणाल्या. "तिचा काय दोष?"

आणि त्याच वेळी पद्मजाने ते पाहिलं. बाईच्या चेहऱ्यावर निराशा आली, पण तिच्याही आधी, पापणी लवण्याइतक्या वेळात, काहीतरी वेगळं येऊन गेलं. सुटका. खांदे खाली आले. घरी गेल्यावर तिला कुणी विचारणार नव्हतं की तू असं का केलंस.

ते खांदे तिच्या ओळखीचे होते.

शिरीषने कधी नाही म्हटलं नव्हतं. 'तू ठरव, माझं काही नाही,' एवढंच तो म्हणायचा, आणि मग दोन दिवस घरात भांडी ठेवल्याचेसुद्धा आवाज व्हायचे नाहीत. त्यापेक्षा त्याने नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. म्हणूनच तर आज सकाळी चहा गाळता गाळता ती सासूबाईंना म्हणाली होती, "आई, तुम्ही कौल लावून बघता का?" शारदाबाई किती खूश झाल्या होत्या… सुनेने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मग फुलं आणायला त्या शिरीषबरोबर बाहेर गेल्या, आणि पद्मजाने कपाट पुसलं. पुसताना दगड उचलला. आणि परत ठेवताना… थोडा फिरवून ठेवला. उजवी बाजू रेडिएटरकडे. हात आपला आपणच फिरला, असं तिने दुपारभर स्वतःला सांगितलं होतं.

पुण्याच्या जुन्या प्रयोगशाळेत तिच्या वरिष्ठ उर्मिलाबाई म्हणायच्या, निकाल हवा तसा आला की आधी नमुना घेणाऱ्याचा हात तपासा.

किलकेनीच्या बाईने निदान चाकाला हात तरी लावला नव्हता.

"आई, ते बघ," शिरीष हलक्या आवाजात म्हणाला. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. उजवी पाकळी आता अर्धी सुटून हवेत आली होती, रेडिएटरच्या उबेत किंचित थरथरत. त्याच्या आवाजात ओरखडा नव्हता. उलट मोकळेपणाच होता. देवानेच हो म्हटल्यावर त्याला रुसायलाही कुणी उरणार नव्हतं. सगळं किती नीट जमलं होतं. एका मिनिटात पाकळी पडेल, शारदाबाई हात जोडतील, साखर येईल, आणि मी कॉर्कला जाईन, देवाने पाठवलेली.

"बोलू नका कुणी," शारदाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि ओठ हलत होते. त्या उजवीसाठी प्रार्थना करत होत्या की डावीसाठी, हे पद्मजाने त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

ती उठली. पूजेच्या वाटीत बोट बुडवलं आणि सुटत आलेली पाकळी दगडावर पुन्हा दाबून बसवली. थेंब ओघळून कपाटावर आला.

"अगं, अगं, कौल लागलेला असताना हात काय लावतेस?" शारदाबाईंनी डोळे उघडले होते.

"मम्मी, दॅट्स चीटिंग," ईशा म्हणाली.

"पद्मजा?" शिरीष म्हणाला.

बोट ओलं होतं. ते पुसायला जवळ काही नव्हतं, म्हणून ती तशीच उभी राहिली. किळस अजून तिथेच होती, पण आता ती टीव्हीवरच्या कुणाची नव्हती.

"कुठलीही पडू दे," ती म्हणाली. "मी कॉर्कला जाणार आहे. मी ठरवलंय."