टवका

लेकीने आईचा एक मोठा फोटो मागितला आणि आयुष्यभर जगाचे फोटो काढत आलेल्या माणसाला घाम फुटला.

"बाबा, लग्नातला नको. त्यात आई फारच लहान दिसते. मला आठवते तशी हवी," असं ती फोनवर म्हणाली होती. आता ती स्वतःच येऊन बसली होती आणि दोघं स्टुडिओच्या मागच्या खोलीत फोटोंचे खोके उपसत होते. सहलींचे फोटो, वाढदिवसांचे, नव्या घराचे. प्रत्येक फोटोत आई होती, अगदी डाव्या टोकाला, आणि प्रत्येक फोटोत तिचा चेहरा धुरकट होता.

याला कारण ती लेन्स. काठाचा टवका उडालेली, आतली एक काच किंचित सरकलेली ती लेन्स म्हणजे याचा जीव की प्राण. दुरुस्तीवाला म्हणाला, "आता हिला निरोप द्या," तर याने दुरुस्तीवाल्यालाच निरोप दिला. प्रवासात सगळं सामान वर आणि लेन्स मांडीवर. बायकोने उरलेल्या लोकरीची पिशवी विणून दिली होती आणि बाहेर पडताना ती न चुकता विचारायची, "सवतीला स्वेटर घातलं का?"

टवका कसा उडाला, ही त्याची आवडती गोष्ट. एका लग्नाचं काम आटोपून हॉलच्या पायऱ्या उतरताना लेन्स निसटली, टप्पे घेत घेत खाली गेली आणि गटाराच्या जाळीवर येऊन थांबली. प्रत्येक टप्प्याला तो छातीवर हात मारून घ्यायचा आणि पाहुणे पोट धरधरून हसायचे. बायको तेवढ्यात काहीतरी आणायला म्हणून आत जायची.

तर त्या दिवसापासून लेन्सची डावी कड अंधूक झाली. तिथे तो गिऱ्हाइकाला कधी उभं करायचा नाही. घरच्या फोटोत मात्र कोणीतरी तिथे येणारच. मग बायको आपणहून टोकाला सरकायची. "घरचंच माणूस आहे, चालतंय," म्हणत हा खुशाल बटण दाबायचा. लेकीने मोबाइल समोर धरला तर ती हात आडवा घालायची. "घरात एवढा फोटोग्राफर असताना तू कशाला?"

मग तिला एकटीला मधोमध बसवून फोटो का नाही काढला? काढणारच होता की! ओळखपत्रासाठी तिला फोटो हवा होता तेव्हा आज उजेड बरा नाही, उद्या गिऱ्हाईक आहे, परवा बघू, असं याचं चाललं होतं. शेवटी ती रस्ता ओलांडून समोरच्या स्टुडिओत गेली आणि फोटो काढून आली. समोरचा म्हणजे याचा हाडवैरी. वयाने निम्मा आणि लेन्स सगळ्या कोऱ्या करकरीत. याने आठवडाभर तोंड फुगवलं. फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आता ओळखपत्र होतं, पण त्यावरचा फोटो नखाएवढा आणि तोही पुसट.

"समोर विचारून बघूया का?" लेक हळूच म्हणाली.

नाक मुठीत धरून तो लेकीला घेऊन समोर गेला. समोरचा लगबगीने उठला, खुर्ची पुढे केली. "काका, काकूंचं कळलं होतं. यायचं मनात होतं, पण तुम्हाला आवडेल की नाही, म्हणून..." लेकीने ओळखपत्राच्या फोटोबद्दल विचारलं तसा त्याने कॉम्प्युटरवर फोटो शोधला.

पडद्यावर बायको आली. भुवईशेजारचा तीळ, कधीच न रंगवलेली पांढरी बट, हसू दाबताना एका बाजूला वळणारे ओठ. आपण तिच्याकडे इतका वेळ शेवटचं कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना. सगळा दोष काचेचा नव्हता. तिला त्या टोकाला उभं राहू देणारा तोच होता.

"काका, हनुवटीवरचा हा व्रण ठेवायचा ना?" समोरच्याने विचारलं. धंद्यातला साधा प्रश्न. पुटकुळी काढायची, कायमची खूण ठेवायची. पण हा पडद्याच्या आणखी जवळ सरकला, तेव्हा समोरचाच म्हणाला, "त्या दिवशी काकूंनाही विचारलं होतं. म्हणाल्या, राहू दे. त्यांनी लेन्सचा टवका जपलाय, माझा मी जपते." हे सांगताना त्याला हसू आलं. त्याला तो विनोदच वाटला होता.

"म्हणजे काय, बाबा?" लेक म्हणाली. "आई तर म्हणायची, लहानपणी झोपाळ्यावरून पडले."

त्याने पडद्यावरच्या व्रणावर बोट ठेवलं.

"लेन्सची बॅग तिच्या खांद्यावर होती," तो म्हणाला. "हॉलच्या पायऱ्यांवर पाय घसरला तो तिचा. ती पडली म्हणून लेन्स पडली. मी तिला ओलांडून खाली धावलो."

"आणि मग?"

"मग लेन्स घेऊन वर आलो. ती हनुवटीला रुमाल दाबून बसली होती. मी तिला म्हटलं, नशीब, नुसता टवकाच उडालाय."

समोरच्याने माउसवरचा हात काढून घेतला.

"व्रण ठेव," तो समोरच्याला म्हणाला. "आणि फोटो मोठा कर. जेवढा मोठा होईल तेवढा."