सदतीस सेकंद

दोनशे बाराव्या ओळीवर मशीन एक मोठा आकडा घेई, त्यातून एक वजा करी, पुन्हा एक वजा करी, आणि शून्यावर आलं की पुढे जाई. बाकी काही नाही. जुन्या मशीनवर या रिकाम्या मोजणीला सदतीस सेकंद लागत. क्लोरीन सोडून झाल्यानंतर आणि शहराकडची झडप उघडण्याआधी.

हा प्रोग्रॅम नव्या मशीनवर उतरवायचं काम तिच्याकडे होतं, आणि सात महिने ती या ओळीभोवती घुटमळत होती. उठून खिडकीपाशी जायची, परत येऊन तीच ओळ वाचायची. जलशुद्धीकरण केंद्राचा हा प्रोग्रॅम चोवीस वर्षांपूर्वी तिच्या तेव्हाच्या वरिष्ठांनी, सरांनी लिहिला. आता उरली होती ती फक्त यंत्राला समजणारी आवृत्ती. माणसांसाठी लिहिलेली, नावांसकट आणि शेऱ्यांसकट, कुठेच नव्हती. यंत्राच्या आकड्यांवरून उलटं मागे जाताना काय घडतं ते दिसत होतं. का घडतं, ते दिसत नव्हतं.

“अजून त्या दमापाशीच का मॅडम?” पंप ऑपरेटर दारातून डोकावला. “झडपेआधी मशीन दम खातं. आम्ही त्याला सरांचा दम म्हणतो. तेवढ्यात माझा अर्धा कप चहा होतो.”

“कशासाठी ते सरांनी कधी सांगितलं नाही?”

“आम्हाला कशाला सांगतील? त्यांच्या हाताखाली तर तुम्ही होतात.”

टेबलावरचा फोन वाजला. साहेब होते.

“उद्या अकराला बैठक. नवं मशीन खोक्यात बसून कंटाळलंय. ‘प्रोग्रॅम पूर्ण समजला आहे’ एवढ्यावर तुमची सही हवी, बस.”

“साहेब, त्या थांब्याचं कारण...”

“अहो, सदतीस तर सदतीस घाला, नाहीतर काढून टाका. चाचणीत काढून बघितलंत ना? काय झालं?”

“काही नाही.”

“मग? ताकसुद्धा फुंकून पिता तुम्ही!”

चाचणी टेबलावर झाली होती, पाण्याशिवाय. नव्या मशीनबरोबर येणारे पंप तिप्पट वेगाचे होते. थांबा क्लोरीन नीट मिसळावं म्हणून असेल तर एक गणित, पाइपातला दाब उतरावा म्हणून असेल तर दुसरं. चूक झाली तर ती आधी कुणाच्या तरी घरच्या पेल्यात उतरणार होती.

संध्याकाळी ती सरांकडे गेली. दीड वर्षापूर्वी त्यांना झटका आला होता. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. खुर्चीत बसून ते रस्त्याकडे बघत होते. तिने कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. दोनशे बारावी ओळ बघताच त्यांचे डोळे हलले.

“सर, हे क्लोरीन मिसळायला?”

“हो,” सर म्हणाले. स्पष्ट, ठाम.

तिने ओळीपुढे ‘क्लोरीन’ लिहायला पेन काढलं. तरी सवयीने तिने उलटही विचारून पाहिलं. “की दाब उतरायला?”

“हो.”

“की उगाच, आधीच्या कशातलं राहून गेलेलं?”

“हो.”

“अगं, तेवढा एकच शब्द राहिलाय,” सरांच्या खुर्चीमागून वहिनी म्हणाल्या. “चहा हवा? हो. नको? हो. सुरुवातीला मी दिवसातून चार वेळा करायचे, आणि हे आपले बिचारे प्यायचे! डॉक्टर म्हणतात, आत सगळं आहे. बाहेर यायची वाट तेवढी गेलीय. थांब, तुला काहीतरी आणते.”

वहिनी आत गेल्या. तिने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“सर, तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी कपाट आवरताना तुमच्या मूळ प्रोग्रॅमच्या फ्लॉप्यांची दोन खोकी भंगारात गेली. ती मी दिली. प्रोग्रॅम मशीनमध्ये आहेच की, असं वाटलं मला. नऊ वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं.

“हो,” ते म्हणाले. मग डाव्या हाताने त्यांनी समोरचा पाण्याचा पेला हळूहळू तिच्याकडे सरकवला. थोडं पाणी टेबलावर सांडलं. तिने पेला संपवेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला साहेबांनी कागद तिच्यापुढे ठेवला. पेनाचं टोपणही काढून दिलं. बाहेर कुठेतरी झडपेआधीची शांतता सुरू झाली. तिने नकळत मोजायला सुरुवात केली. वीस. तीस.

“बाई, सगळे खोळंबलेत तुमच्यासाठी,” साहेब म्हणाले.

सदतीसला पाइपातून पाणी धावल्याचा आवाज आला. तिने पेनाला टोपण लावलं.

“मला हा प्रोग्रॅम समजलेला नाही,” ती म्हणाली. “समजायला जे लागलं असतं, ते नऊ वर्षांपूर्वी मीच भंगारात दिलं. मी सही करणार नाही.”