नंदाचं मंगळवारचं इंजेक्शन

"चहा टाकू का?"

स्वयंपाकघरातून पुरुषी आवाज आला आणि आनंदीबाईच्या हातातलं सूप तसंच थांबलं. लेक सहदेव मुंबईला. घरात बाप्या माणूस नाही. मग हा कोण? कोयता घेऊनच ती आत शिरली. चुलीपुढे एकटी सून, नंदा.

"तू बोललीस?"

नंदाने पदर तोंडावर ओढला. तोवर दिसायचं ते दिसलं होतं. वरच्या ओठावर काळी लव.

आनंदीबाईचा संशय विंचवाच्या नांगीसारखा. उगारला की टोचल्याशिवाय खाली यायचा नाही. नंदाची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा देवरुखहून एसटीने आंबा घाट चढायचा, कोल्हापूरला मशीनवर रक्त धुऊन यायचं. तेवढं सासूने पत्करलं होतं. पण दर मंगळवारी नर्स काशी घरी येऊन टोचते, ते काय?

मंगळवारी तिने काशीला पडवीतच अडवलं.

"कसलं पाणी टोचतेस गो माझ्या सुनेला?"

"रक्त वाढायचं, काकी. चांगल्या मूत्रपिंडातून एक रस सुटतो, तो हाडांना सांगतो, रक्त करा. हिचा तो आटलाय. म्हणून पुरुषाच्या अंगातला हार्मोन देतात. त्यानंच आवाज घोगरा होतो, लव येते. विलायतेत नवं औषध निघालंय म्हणे. आपल्याकडे कधी यायचं कोण जाणे."

"हाडं रक्त करतात? मग माझी चूल काय करते? मी दोनच यत्ता शिकलेय म्हणून बनवतेस होय मला? बाईचा बाप्या करायला निघालीस! हो चालती."

तीन मंगळवार काशी तशीच माघारी गेली. आनंदीबाई नाचणीची पेज पाजत राहिली आणि रोज उजेडात सुनेचा ओठ तपासत राहिली. लव काही हटली नाही. नखं मात्र पांढरी पडली.

पुढच्या सोमवारी कोल्हापूरला निघालेली नंदा अंगणातून रस्त्यावर चढणाऱ्या जांभ्याच्या दहा पायऱ्यांत दोनदा बसली.

"ऊठ गो, गाडी जाईल."

"सुई होती तेव्हा... ह्या पायऱ्या मी चढायची, आई." प्रत्येक शब्दाला धाप. "मिशी येते तर येऊ दे. तुम्हाला मिशीची लाज वाटते. मला श्वास पुरत नाही."

आनंदीबाईने नंदाची पिशवी घेतली, तिला दंडाला धरून गाडीत बसवलं आणि तशीच गावातल्या दवाखान्यात काशीपुढे जाऊन उभी राहिली.

"उद्या ये. पण बाटली माझ्यासमोर फोडायची. विश्वास नाही माझा अजून."

दुसऱ्या दिवशी काशी टोचून गेली. मग आनंदीबाईने चुलीतली निवलेली राख वाटीत घेतली, सुनेला भर उजेडात पडवीत बसवलं आणि केस निसटू नये म्हणून बोटांना राख लावून एकेक केस उपटू लागली.

वाटेने जाणारी सावित्री थबकली. "अगो बाय! सुनेला मिशी?"

"तुझ्या घोवाला फुटली नाही, ती हिला फुटली. चल, वाट धर."

नंदा खुदकन हसली.

"हलू नको."

शेवटचा केस निघाला तशी आनंदीबाईने हलकी फुंकर मारली. राख उडून गेली. ओठ नखांसारखा पांढराच राहिला.