जगनचा दुसरा पंप

साधना थोरल्या दिराशी कधी बोललीच न्हाई. साखरा गावात त्यांच्या घरची रीतच तशी. काही सांगायचं तर सासूला सांगायचं, सासू पुढं सांगणार. दीर समोर बसलेला असला तरी.

नांदेडच्या दवाखान्यात आयसीयूच्या दाराबाहेर बी तेच चालू. आत तिचा नवरा जगन, अटॅकनं हृदय पार बसलेलं. बाहेर थोरला भागवत, पाय पसरून. भाऊकी जीपमधे कोंबून आणली होती त्यानं, जसं काही सोयरीक जमवायला निघाला.

डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. "आधीच लावलेली पहिली मशीन अंगभर रक्त फिरवते. पण तिचाच दाब उलटा हृदयावर येतोय. हृदय रिकामं होईना, फुगतंय, फुफ्फुसात पाणी भरतंय. आतलं रक्त ओढून पुढं टाकणारा बारीक पंप मांडीतून बसवायचाय. दोन्ही सोबत चालतील. रक्तस्रावाचा धोका आहे, खात्री देत नाही. पण थांबलो तर हातचा जाईल. सही कोण करतं?"

"एका माणसाला दोन मोटारी?" भागवत हसला. "जगन काय गावची टाकी हाय? पहिली बंद करा, मंग दुसरी लावा. लोड येतो बाई."

भाऊकीनं माना डोलावल्या. दर हंगामाला विहिरीवरची मोटार जाळणारा माणूस, अन् डॉक्टरला लोड शिकवून राहिला.

"आत्याबाई," साधना सासूला म्हणाली, "दादांना म्हणावं, पहिली बंद केली तर हे जागीच जातील."

सासू सखुबाईनं डोळे पुसले. "भागवत, ती म्हणती बंद करू नगं."

"तिला म्हणावं, माझे मामा गावाकडून येऊन राहिले. मंग ठरवू. तिला काय कळतंय?"

"साधना, मामा येऊन..."

तिकडं हृदय फुगून राहिलं, अन् इथं हातभर अंतरावर निरोप चालले. साधनाला शिसारी आली. त्याची, भाऊकीची, स्वतःची बी. ती उठली.

"दादा, तोंड बंद ठेवा."

भागवतनं आईकडं पाहिलं. "मला बोलली ही?"

"तुमालाच. आणा बाई, सही मी करते."

"मेला तर तुझ्या माथी!"

"व्हय, माझ्याच. कुकू माझं जाईल. तुमचं काय जातंय, जीपचं डिझल?"

दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. हृदय हलकं झालंय, पाणी उतरू लागलंय, म्हणाल्या. दोन्ही मशीन अजून चालूच हायत, जिवाचं आज काही सांगता येत न्हाई. एकाला आत सोडते.

भागवतनं थोरलेपणानं चपला काढल्या, केसांवरून हात फिरवला. साधना त्याच्या अंगावरूनच पुढं गेली.

"बसा तिथंच," म्हणाली, अन् दार लावून घेतलं.